गाडीला कुलूप लावून गेलेला चोर

गाडीतला टेप म्हटलं की ते प्रकरण मला आजही आठवतं आणि हसू येतं. त्या दिवशी मात्र हसायची सोय नव्हती. एका भल्या माणसाची अब्रू पणाला लागली होती.

गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली, शहराला आम्ही औरंगाबाद म्हणायचो तेव्हाची. पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तोच एक गृहस्थ तणतणत आत आले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी जुनी फियाट घेतली होती. गाडी म्हातारी, पण यांचा जीव तिच्यावर. तिच्यातला मूळचा टेप कॅसेटी गिळायचा, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या एका मिस्त्रीकडून त्यांनी नवाकोरा सेट बसवून घेतला. त्याला पुढून हँडल होतं. हँडल धरून ओढलं की अख्खा सेट खणातून बाहेर यायचा. रात्री तो काढून घरात न्यायचा, म्हणजे चोराच्या हाती काही लागत नाही. आणि हा सेट पहिल्याच रात्री गायब!

"मग काढून घरात का नेला नाही?" मी विचारलं.

"साहेब, पाहुणे आले होते. गप्पांत राहूनच गेलं."

पंचनाम्याला गेलो. काच शाबूत, तारा शाबूत, आणि चारही दारं कुलूपबंद. आमचा हवालदार मोठा गमत्या. म्हणाला, "साहेब, चोर लई सभ्य दिसतो. जाताना कुलूप लावून गेला."

म्हणजे चावी असलेला माणूस. एक चावी फिर्यादीच्या घरात खुंटीवर, दुसरी मिस्त्रीकडे, कारण मागचे स्पीकर बसवायचे बाकी होते. "मग मिस्त्रीच! दुसरं कोण?" फिर्यादींनी छातीठोक सांगितलं. तेवढ्यात आमचा खबऱ्या आला. "मिस्त्रीनं सकाळीच एक टेप विकला, माझ्या डोळ्यांदेखत," म्हणाला. झालं, हवालदार मिस्त्रीला आणायला निघाला.

या मिस्त्रीच्या दुकानात भिंतीवर एक फळी होती. फळीवर खिळे आणि खिळ्यांवर अर्ध्या मोहल्ल्याच्या गाड्यांच्या चाव्या. लोक सकाळी चावी टांगून कामाला जायचे आणि संध्याकाळी दुरुस्त झालेली गाडी घेऊन जायचे. पावती नाही, विचारणं नाही. त्या दिवशी हवालदारासोबत मिस्त्री निघाला ते भर बाजारानं पाहिलं, आणि तो दुकानाची पायरी उतरतो न उतरतो तोच दोघांनी येऊन आपापल्या चाव्या काढून नेल्या.

ठाण्यात मी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं हातही लावला नाही.

"साहब, चोरीच करनी थी तो बिठाया कायकू? पहिलेच नक्को बोलता ना."

"आणि सकाळी विकला तो टेप?"

"वो तो इनकाच जुना. तुमच्याकडेच ठेवा बोलले, मी दुरुस्त करून विकला."

विकत घेणाऱ्याला बोलावलं. फिर्यादींनी टेप हातात घेतला, तुटकं बटण पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांचाच जुना टेप. खबरीतली हवा गेली, पण चावीचा पेच राहिलाच.

"साहब," मिस्त्री हळू म्हणाला, "तुम्ही मला बसवून ठेवा, काही नाही. पण तिकडे फळीवरून चाब्या चाललेल्या. एकदा गेली की वापस येत नाही."

इतक्या वर्षांत शेकडो जबाब घेतले. खोटं बोलणारा आपल्या सुटकेचं बोलतो. हा दुकानाचं बोलत होता. मला तिथंच वाटलं, हा चोर नव्हे. पण वाटून काय होतं? पुरावा पाहिजे.

म्हणून घरातल्या चावीची खुंटी पाहायला फिर्यादीच्या घरी गेलो. चावी जागेवर होती. वहिनींनी चहा दिला. मी सहज विचारलं, "पाहुणे कोण होते?"

"आमचे मामा, सोयगावचे. शेती करतात. सकाळच्या पहिल्या एसटीनं गेले," फिर्यादी म्हणाले.

"सेट पाहिला होता त्यांनी?"

"पाहिला म्हणजे? मी हँडल ओढून दाखवलं सगळ्यांना. मामा म्हणाले, हे तर आपल्या विहिरीवरल्या इंजिनासारखंच झालं."

मी कप खाली ठेवला. मीही शेतकऱ्याच्या घरचा. डिझेल इंजिनाचं सुटं हँडल विहिरीवर ठेवून आमच्याकडे कुणी घरी येत नसे; चोरीला जाऊ नये म्हणून ते काढून घरी आणायचे. "मामांना गाठा," मी म्हणालो.

त्यांच्या घरच्याच फोनवरून सोयगावच्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या शिपायानं मामांना बोलावून आणलं. मामा असे ओरडून बोलत होते, की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"चोरी? कसली चोरी? हा बाबा काढायचा इसरला अन् जेवायला बसला. म्या खुंटीवरली चावी घेतली, हँडल धरून काढला, गाडीला कुलूप घातलं अन् ह्याच्याच घरातल्या जवारीच्या कोठीत दाबून ठिवला. आमच्याकडं इंजिनाचं हँडल कोठीतच असतंय. कोठीत चोर हात घालत नाय!"

"अहो मामा, मग सांगायचं तरी!"

"त्यात काय सांगायचं? बैल गोठ्यात बांधले, हे काय कुणी सांगत बसतंय व्हय?"

फिर्यादींनी कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. सेट वर आला. कॅसेटच्या फटीतून ज्वारी गळत होती. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि फिर्यादी तिथंच फतकल मारून बसले.

"साहेब, आता मिस्त्रीला कोणत्या तोंडानं भेटू?"

"आहे त्याच तोंडानं," मी म्हणालो. मिस्त्रीकडून ताब्यात घेतलेली दुसरी चावी मी खिशातून काढून त्यांच्या हातात दिली. "आणि ही तुम्हीच टांगायची. बाजार बघत असताना."

माणूस तसा सरळ. मिस्त्रीला सोबत घेऊन दुकानासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, सेट माझ्याच घरात निघाला. माझं चुकलं, माफ करा." चावी खिळ्याला लावली. मिस्त्रीनं सेट उपडा करून हलवला, चार दाणे पडले. "अरे वा, पुराना कॅसेट खाता था, नया जवारी!" तो हसला. पण हसता हसता त्याची नजर फळीवर गेली. अर्ध्याहून जास्त खिळे रिकामे होते.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. पुढे चोरीची तक्रार आली, की 'संशय कुणावर?' हे विचारण्याआधी मी 'घरात काळजी करणारं कोण आहे?' असं विचारायचो. खोटं वाटेल, पण कितीतरी चोऱ्या तिथंच मिटल्या. दुसरी गोष्ट शिकलो ती अशी, की निर्दोष माणसाला सोडून दिलं म्हणजे आपलं काम संपत नाही. त्याला आपण भर बाजारातून नेलेलं असतं.

माझ्या स्कूटरचा हॉर्न ठणठणीत वाजत होता. तरी दुसऱ्या दिवशी बाजार फुललेला असताना मी गणवेशातच त्या दुकानात गेलो, चावी फळीवर टांगली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मिस्त्री, हॉर्न बघून ठेवा. संध्याकाळी नेतो."