सुरवंटाचा मेंदू आणि आमच्या सोसायटीच्या टाळ्या

आज सकाळी लालबागच्या आमच्या सोसायटीत 'बदला, नाहीतर संपा' या विषयावर एका वक्त्याचं भाषण झालं. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

हे गृहस्थ म्हणाले, "कोशात सुरवंटाचा मेंदू पूर्ण विरघळतो, म्हणून फुलपाखरू होतं. गिरणी कामगारांना हे जमलं नाही. जुन्यालाच चिकटून बसले."

टाळ्या! माझ्या शेजारी बाबा बसले होते. संप होईपर्यंत गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, नंतर मिळेल ते काम केलं. त्यांनी मान खाली घातली.

मी उठले. किड्यांच्या मेंदूवरच संशोधन करते मी. म्हटलं, "साफ चूक. संप्रेरकाचा इशारा आला की ठरावीक जनुकं चालू होतात, काही बंद होतात. मग बऱ्याच चेतापेशी जुन्या फांद्या छाटतात आणि नव्या फोडतात. पेशी तीच राहते."

"मॅडम, उदाहरण होतं फक्त."

"उदाहरण खोटं होतं, अपमान खरा होता."

सेक्रेटरी मला खाली बसवायला आले. तेवढ्यात बाबाच उठले. "सायबानु, कोशात आसताना त्याका खावक कोण घालता?"

मीच सांगितलं, "कोणी नाही बाबा. आधी खाऊन केलेल्या साठ्यावरच जगतो."

"आमच्याकडे साठो खंय होतो?" एवढंच म्हणून बाबा घरी निघून गेले.

आता ग्रुपवर मला 'कार्यक्रम बिघडवला' म्हणून सुनावतायत. मला एकच सांगा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांचे वडील गिरणीत होते?