आदाउतोची काळी पाटी

आदाउतो माझ्या धाकट्या बहिणीचा, दाल्वाचा नवरा. आमच्या ब्राझीलमधल्या पिरासिकाबा गावात, नोटरीच्या कचेरीत, त्याने उभा जन्म एकच काम केलं. लोक लग्नाचे दाखले, घराची कागदपत्रं घेऊन यायचे. हा मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवायचा, ओळ न् ओळ ताडून बघायचा आणि ‘मुळाबरहुकूम’ असा शिक्का हाणायचा. या कामाला अक्कल लागत नाही, पण त्यातून रुबाब फार येतो. तो रिटायर झाला तेव्हा शिक्का कचेरीत राहिला आणि रुबाब घरी आला. मी त्यांच्याच मागच्या अंगणातल्या खोलीत राहते, शिवणकाम करते, त्यामुळे तो मला रोज बघावा लागायचा.

घरात एक गाडी होती. आमच्या बाबांची. एकोणऐंशी साली त्यांनी ती कोरी घेतली. दिसायला एखाद्या इंग्रज लॉर्डाची, तिकडच्या एका जुन्या गाडीची नक्कल: लांबलचक बॉनेट, पुढे चकचकीत रेडिएटर, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड, वर कापडी टप. आतून मात्र साधी फुस्का, तीच ती गोल पाठीची बीटल, जी तेव्हा इथे प्रत्येक पाववाल्याकडे असायची. सांगाडा तिचा, इंजिन तिचं, तेही मागे. वरचं सगळं अंग फायबरचं, साओ पावलोजवळच्या एका छोट्या कारखान्यात साच्यातून काढलेलं. पुढचा रेडिएटर नुसता शोभेचा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला त्याचा काय उपयोग? बाबांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यात त्यांना मजा यायची. पेट्रोल पंपावरचा माणूस तेल बघायला पुढचं बॉनेट उघडायचा, तर आत स्टेपनी आणि आईची जेवणाची टोपली. तो चक्रावला की बाबा गंभीरपणे म्हणायचे, “इंजिन आज सुट्टीवर आहे.”

बाबा गेल्यावर गाडी दाल्वाकडे आली. मला गाडी चालवता येत नाही आणि दाल्वा त्याच गाडीवर शिकली होती. म्हणजे गाडी तिची. पण लग्नाच्या बायकोची वस्तू ती आपली, एवढा कायदा आदाउतोला कचेरीत न शिकवताच येत होता.

महिन्यातून एका रविवारी नदीकाठी, जुन्या साखर कारखान्याच्या आवारात, जुन्या गाड्यांवाले जमतात. गाड्या पुसत बसतात, बिअर पितात, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. आदाउतो इस्त्रीचा शर्ट घालून बाबांची गाडी घेऊन पहिल्यांदा तिथे गेला, तेव्हा एका माणसाने जवळ येऊन मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक केलं. तिथली रीतच आहे ती. लोखंड असेल तर एक आवाज येतो, फायबर असेल तर दुसरा. आला तो दुसरा. माणूस नुसता हसला आणि पुढे गेला. बाबा असते तर त्यांनी त्याला पुन्हा बोलावून दुसऱ्या मडगार्डवरही टकटक करायला लावली असती. आदाउतो मात्र घरी येऊन जेवला नाही.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. काळी पाटी. आमच्याकडे तीस वर्षांवरची गाडी मूळ रूपात राखलेली असेल तर तिला काळी नंबरप्लेट मिळते. जुन्या गाड्यांच्या क्लबचा माणूस येऊन तपासतो आणि दाखला देतो. काळी पाटी असलेल्या गाडीला टकटक करायची कुणाची छाती होत नाही. नियमात शब्द होता तो ‘मूळ रूपात’. आता हा शब्द वाचून इतर कुणीही गाडी पुसली असती आणि स्वस्थ बसला असता. पण आदाउतो पडला शिक्केवाला. त्याच्या लेखी बाबांची गाडी म्हणजे झेरॉक्स. मूळ कागद इंग्लंडात. आता ओळ न् ओळ ताडून झेरॉक्स मुळाबरहुकूम करायची, की शिक्का आपोआप पडणार. कुणाला विचारावं, असं त्याच्या मनात आलं नाही. आयुष्यभर लोक त्याला विचारायला आले होते ना.

मग सुरू झाला तमाशा. दाल्वाचा कपडे धुवायचा ओटा गेला, तिथे रेझिनचे डबे आले. घरभर तो उग्र वास, भाताला वास, कॉफीला वास. पहिल्यांदा त्याने रेझिन घट्ट करायचा हार्डनर इतका ओतला की डबा हातात तापला आणि आतला ऐवज दगड होऊन बसला. तो दगड कितीतरी दिवस दाराला अडसर म्हणून पडून होता. आदाउतोने बाबांच्या गाडीचे मडगार्ड ग्राइंडरने कापले, कारण इंग्रजी गाडीचे अरुंद असतात. कापलेल्या जागी फायबरची जाळी चिकटवली, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली. फायबरची ती भुकटी कातडीत शिरते आणि जाता जात नाही. जेवताना मान खाजवायचा, प्रार्थनेला चर्चमध्ये गेला तरी काख खाजवायचा. पाद्रीबाबांनी एकदा दाल्वाला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही साथ वगैरे आहे का.

कारखान्याचं नाव असलेला बिल्ला त्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटला आणि तिथे कुठल्याशा जत्रेतून आणलेला इंग्रजी बिल्ला लावला. सीटा उपटल्या. डॅशबोर्ड उपटला, गिअरची मूठसुद्धा काढून फेकली. नवीन टप शिवून द्यायला मला सांगितलं, मी म्हटलं माझं मशीन नाजूक आहे. सगळं अंग गडद हिरवं रंगवलं, तेही नेमकं उसाचे फड जाळायच्या दिवसांत. काळी राख उडत आली आणि ओल्या रंगावर अलगद बसली. आसपासची तीन गावं राखेत जगतात, रंगारीसुद्धा त्या दिवसांत ब्रश धुऊन ठेवतात, पण याने दोष दिला माझ्या वाळत घातलेल्या चादरींना. म्हणे त्यांच्यामुळे वारा वळला.

पण खरी कमाल पुढे आहे. टकटक त्याच्या मनातून जात नव्हती. म्हणून त्याने मडगार्डांच्या आतून लोखंडी पत्रे चिकटवले. आता वाजवलं की टण्ण व्हायचं. आणि शोभेच्या रेडिएटरमागे त्याने एक टाकी बसवली, ती कशालाही जोडलेली नव्हती. तिच्यात पाणी भरायचं. का, तर चारचौघांत झाकण उघडून वरून पाणी ओतता यावं. जिला तहान लागत नाही अशा गाडीला हा माणूस पाणी पाजत होता आणि पाजताना चेहरा असा, की जणू बाळाचं करतोय.

दाल्वा एक शब्द बोलली नाही. कॉफी नेऊन द्यायची, भुकटीचे कपडे वेगळे धुवायची. न राहवून मी एकदा तिला म्हटलं, “अगं, बाबांची गाडी आहे ती. तोंडाला काय कुलूप लागलंय?”

ती म्हणाली, “ताई, त्याने आजवर दुसऱ्यांच्याच कागदांवर शिक्के मारले. एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने करू दे त्याला.”

मला राग आला तिचा. एवढं मोठं मन नवऱ्यावर उधळायचं, ते कशासाठी?

शेवटी तपासणीचा शनिवार उजाडला. क्लबकडून आले दोतोर एजिदिओ, गावातले दातांचे डॉक्टर. अर्ध्या गावाच्या दाढा त्यांच्या हाताखालून गेल्यात आणि गाड्यांकडेही ते तसेच बघतात, वाकून. आदाउतो त्यांच्या मागे मागे. मडगार्ड त्यानेच वाजवून दाखवला. टण्ण. मग त्याने रेडिएटरचं झाकण काढलं.

“हे बघा दोतोर, पाणीसुद्धा आहे.”

“कशाला?” दोतोरांनी विचारलं.

आदाउतोने झाकण पुन्हा लावलं. मी अंगणात चादरींच्या घड्या करत होते, मला हसू दाबता दाबता नाकी नऊ आले.

दोतोरांनी गाडीला एक फेरी मारली, मग दुसरी. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग विचारलं, “सेन्योर आदाउतो, कारखान्याचा बिल्ला कुठाय?”

“काढला. तो इथला होता ना.”

“आणि मूळचे मडगार्ड?”

“ते चूक होते, दोतोर. फार रुंद. कापून टाकले. कचरेवाल्याने नेले.”

दोतोर ओट्याच्या कडेला बसले. दाढ काढावी लागणार हे सांगायच्या आधी बसतात तसे. म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांची ही गाडी मी तरुणपणी बघायचो. फुटबॉल क्लबसमोर उभी असायची. तो कारखाना कधीच बंद पडला. त्याच्या गाड्या लोकांनी मोडल्या, वाढवल्या, बिघडवल्या. जशी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली माझ्या माहितीत ही एकच होती. दाखला मी आधीच भरून आणला होता, नुसती सही बाकी होती. मी ती गाडी बघायला आलो होतो.”

“पण ती नकली होती,” आदाउतो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

“होती. आमच्या इथली होती. तशा इंग्लंडात हव्या तेवढ्या आहेत, त्या त्यांना लखलाभ.” मग त्याचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. म्हणाले, “अगदी होती तशी परत केलीत, तर मी पुन्हा येऊन बघेन. बाहेरून मला थोडीफार आठवते. आतलं तुमच्या घरच्यांनाच ठाऊक.”

एवढं बोलून ते कॉफी न घेताच गेले. आमच्याकडे कॉफी न घेता जाणं म्हणजे काय, ते आदाउतोलाही कळलं.

मला वाटलं आता हा खचेल, आठवडाभर पांघरूण घेऊन पडेल. छे. संध्याकाळ व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या टेबलावर फोटो पसरून बसला. बाबांच्या वेळचे सगळे फोटो पिवळे पडलेत, त्यात बाबाही पिवळे आणि गाडीही पिवळी. आतलं तर एकाही फोटोत नाही, आणि याने ते कधी नीट बघितलंच नव्हतं. दाल्वा समोर बसून पामोन्यासाठी, म्हणजे सालात बांधून उकडायच्या वड्यांसाठी, मक्याची कणसं किसत होती. मी सालं गोळा करत होते. त्याने पेन्सिल घेतली, कागद घेतला आणि अगदी कचेरीतल्या आवाजात विचारायला लागला. डॅशबोर्डचं लाकूड गडद होतं की फिकं? सीटांचा रंग कोणता? गिअरच्या दांड्यावर मूठ कशी होती, गोल की लांबट?

मूठ गोल होती. काळी, वर आकडे कोरलेले, आणि दोनचा आकडा पुसून गेलेला. दाल्वा अठराची होती. बाबा बाजूला बसून तिच्या हातावर हात ठेवायचे आणि दोघांच्या हाताने मिळून गिअर पडायचा. मागच्या सीटवर मी जीव मुठीत धरून बसलेली असायचे. लग्नानंतरसुद्धा ती मला म्हणायची, ती मूठ हातात आली की तळहाताला बाबांचा हात लागतो.

दाल्वाने कणीस खाली ठेवलं. हात ॲप्रनला पुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने नवऱ्याकडे असं सरळ बघितलं.

“मला नाही आठवत,” ती म्हणाली, आणि पुन्हा किसायला लागली.

आदाउतोने कागदावर फुली मारली. मग माझ्याकडे वळला. “दोना ओदेते, तुम्हाला तरी आठवत असेल ना?”

मी म्हटलं, “मलाही नाही.”