गेटवरचा आडोसा

गिरण्यांचा संप लांबला आणि माझा नवरा घरी बसला, तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो. तो मिळेल ते काम धरत होता, पण मलाही कामाला लागायचं होतं. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, साकीनाक्याला रखवालदार पुरवणारी एक कंपनी आहे, तिथं बायका हव्या आहेत. झाडलोटीला हव्या असतील असं समजून मी गेले.

कंपनीचं ऑफिस वेल्डिंगच्या गाळ्याच्या वर होतं. मालक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याकडचे. त्यांनी विचारलं, "शाळा किती झाली?"

"नववी."

"बराच वेळ उभं राहता येईल?"

"रेशनच्या रांगेत राहतेच की."

बाकावर आधीच बसलेली एक बाई फिसकन हसली. ती मूळची जालन्याकडची, राहायला मुलुंडला. तीही कामासाठीच आली होती. पुढं आम्ही दोघी जोडीनं गेटवर उभ्या राहिलो, पण ओळख झाली ती त्या हसण्यानं.

सुभेदारसाहेबांनी काम समजावलं. जवळच एक शिवणाचा कारखाना होता, परदेशी जाणारे कपडे शिवणारा. कामाला बहुतेक बायकाच. सुटताना गेटवर त्यांची तपासणी व्हायची, आणि ती करायचा एक म्हातारा रखवालदार. हातातल्या काठीनं तो पिशव्या उचकायचा, पदर झटकायला लावायचा.

"बाईची झडती बाईनंच घ्यायची, असा नियम आहे," साहेब म्हणाले. "आजवर तिथं कुणी पाळला नाही. आता गेट माझ्याकडं आलंय, म्हणजे पाळावा लागेल."

रखवालदारांसाठी सरकारनं कायदा केला, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कंपनी चालवायची तर सरकारची मंजुरी लागायची. मंजुरी टिकवायची तर रखवालदार पुरवणाऱ्या सरकारी मंडळाच्या माणसाला जे मिळतं, त्याहून आपल्या माणसाला कमी देता यायचं नाही. साहेबांना हे सगळं तोंडपाठ होतं आणि ते आम्हालाही ऐकवायचे. आमच्या वस्तीत कितीतरी जण रखवालीला जायचे, पण आपल्या मालकावर काय काय बंधनं आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला ते ऐकताना गंमत वाटायची. एरवी नियम म्हटले की ते आपल्यासाठी, मालकासाठी नव्हेत, अशीच माझी समजूत होती.

गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत आमचं शिक्षण सुरू झालं. पुरुषांच्या रांगेच्या टोकाला आम्ही दोघी. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपण पोलीस नाही, हे आधी डोक्यात घाला. कुणाला मारायचं नाही, कोंडायचं नाही, शिवी द्यायची नाही. काही सापडलं तर कळवायचं. पुढचं पोलीस बघतील."

माझ्या जोडीदारणीनं विचारलं, "आणि तो पळाला तर?"

"तर ओरडायचं."

"मग जमेल मला," असं म्हणून तिनं तिथल्या तिथं ओरडून दाखवलं. गाळ्यातले वेल्डिंगवाले हातातलं काम टाकून धावत आले. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना आम्हाला दिसले.

मग गणवेशाचा प्रश्न आला. तो पोलिसांसारखा दिसता कामा नये, म्हणून खाकी बाद. निळा शर्ट ठरला. खाली साडी की पँट, यावर दोन दिवस चर्चा चालली. जोडीदारीण पँटीवर अडून बसली. शिंप्यानं बायकांची पँट कधी शिवली नव्हती. तो लांब उभा राहून वहीवर आकडे लिहायचा आणि त्याची बायको टेप लावायची.

मला धास्ती होती ती सासूबाईंची. त्या मालवणकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या. पहिल्या सकाळी गणवेश चढवून मी बाहेर आले. त्या तांदूळ निवडत होत्या. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "ह्या काय गो घातलंस?"

"कामाचे कपडे. कंपनीनं दिलेत."

त्या उठल्या, जवळ आल्या, पँटीवरून हात फिरवला. "खिसो आसा?"

"दोन आहेत."

"मगे बरा आसा. लुगड्याक खंय खिसो आसता." एवढं बोलून त्या परत तांदळाकडे वळल्या. नवरा दारामागं उभा राहून हसत होता.

कारखान्यात पहिला दिवस बरा गेला. संध्याकाळी भोंगा झाला आणि बायकांची रांग गेटाशी आली. त्यांच्या चेहऱ्यांवर सरळ लिहिलेलं होतं, आता या आणखी दोघी कशाला? म्हाताऱ्या रखवालदारानं सवयीनं काठी उचलली. साहेबांनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

त्यांनी तपासणीसाठी बंद खोली मागितली होती. मॅनेजर नुसताच हो म्हणत राहिला होता. गेटवर खोली नव्हती, पडदाही नव्हता. समोरून रिक्षा, ट्रक, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळं उघडं.

साहेब म्हणाले, "आडोसा नसेल तर माझ्या बायका झडती घेणार नाहीत."

मॅनेजर म्हणाला, "आजच्या दिवस चालवून घ्या ना साहेब. कोण बघतंय?"

"एवढी रांग बघतेय की."

"आणि माल बाहेर गेला तर? तुमची जबाबदारी."

"म्हणूनच आडोसा मागतोय."

दोघंही हटेनात. रांगेतल्या बायका घड्याळं बघायला लागल्या. मला वाटलं, वाट लागली, पहिल्याच दिवशी नोकरी गेली. तेवढ्यात कापडकापणीतली एक चष्मेवाली, वयानं मोठी बाई पुढं आली.

"आडोसाच हवा ना? कापडाच्या कारखान्यात उभे आहात तुम्ही."

ती दोघीतिघींना घेऊन आत गेली आणि छपाई बिघडलेला एक तागा घेऊन आली. पिवळ्यावर मोठाली गुलाबी फुलं. कुणी सुतळी आणली, गेटाच्या गजापासून बदामाच्या झाडापर्यंत आणि तिथून भिंतीपर्यंत ताणली. रांगेतल्या प्रत्येकीच्या बांगडीत सेफ्टी पिना होत्याच. त्या भराभर निघाल्या. मॅनेजर 'अहो, अहो' म्हणेपर्यंत फुलाफुलांची खोली उभी राहिली.

आम्ही दोघी आत शिरलो. पहिली आली ती तीच चष्मेवाली. हात वर करून म्हणाली, "घे बाई झडती. घरी भात टाकायचाय."

मी विचारलं, "ताई, हात लावू का?"

"लाव," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं कुणी."

मग रांग सरकली. उतरतं ऊन कापडातून आत येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसत होते. एकीला भारी गुदगुल्या व्हायच्या. तिला हात लावायच्या आधीच ती किंचाळली आणि तिच्यामागच्या हसायला लागल्या. कुणी माझी पँट न्याहाळली, कुणी शिंप्याचा पत्ता विचारला. बाहेर मॅनेजर साहेबांना म्हणत होता, "आत चाललंय काय?"

"तपासणी," साहेब म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सुतार आला आणि प्लायवूडची खोली झाली.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला सुट्टी दिली. मी म्हटलं, "नको साहेब, मी येते की."

"यायचं नाही. आठवड्याची सुट्टी दिली नाही तर मी नियमात अडकतो."

लग्न झाल्यापासून मला सुट्टी अशी ठाऊकच नव्हती. काय करायचं ते सुचेना. जोडीदारणीलाही तोच वार मिळाला होता. ती म्हणाली, "चल ना यार, वर्सोव्याला जाऊ. होडीत बसू."

सासूबाईही निघाल्या. वर्सोव्याला वाळत घातलेल्या बोंबलांशी त्या थबकल्या आणि एका कोळणीशी अशी घासाघीस केली की शेवटी दोघी एकमेकींच्या गावाच्या चौकशा करत बसल्या. आमची एक होडी चुकली. मग दुसरीत बसून आम्ही मढला उतरलो आणि भाकरी, चटणी न् केळी खाल्ली. जोडीदारीण वाळूवर सरळ आडवी झाली. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पाय पसरले आणि समुद्राकडं बघत विचारलं, "दर आठवड्याक गावतली ही सुट्टी?"

"दर आठवड्याला," मी म्हटलं. "कायदाच आहे."