आर्डिस होमक्विस्टचे पंचाहत्तर शब्द

आमच्या टॉर्सबी गावात आर्डिस होमक्विस्ट एकतीस वर्षं धान्य कोठाराच्या वजनकाट्यावर होती. मक्याचा नाहीतर सोयाबीनचा ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा, आणि मधला फरक शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठीवर द्यायचा. तिच्या चिठ्ठीवरून कधी वाद झाला नाही. सख्खा भाऊ ट्रक घेऊन आला तरी ती त्याला खाली उतरवायची, कारण भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट तोलला आणि रिकामा त्याच्याविना, तर वजन वाढतं. भाऊ म्हणायचा, "अगं, मला काय धान्यात धरतेस का?" ती म्हणायची, "नाश्ता बघून सांगते."

या बाईनं आमच्या साप्ताहिकासाठी उमेदवारांचं पान तयार करायला घेतलं त्याची गोष्ट अशी. मी, वेंडेल, तेव्हा वडिलांच्या हाताखाली 'मेसेंजर'ची पानं लावत होतो. दर दोन वर्षांनी वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जायला निघालेल्या उमेदवारांना आम्ही पाच प्रश्न पाठवायचो आणि उत्तरं येतील तशी छापायचो. एका वर्षी एकानं पाऊण पानभर उत्तर लिहिलं आणि दुसऱ्यानं एक ओळ. झालं! दुसऱ्याचे लोक कचेरीत येऊन वडिलांना म्हणाले, तुम्ही विकले गेलात. आर्डिस तेव्हा वर्गणी भरायला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघांना सारखंच माप द्या. प्रत्येक उत्तराला पंचाहत्तर शब्द. शहात्तरावा खाली पडला तर पडू दे."

वडील वैतागलेले होतेच. म्हणाले, "मग तूच कर."

तिनं केलं, आणि पुढं बावीस वर्षं केलं. पेन्सिलीनं दर दहा शब्दांवर एक टिंब द्यायची आणि पंचाहत्तराव्या शब्दापाशी खरीखुरी कात्री चालवायची. वाक्य मध्येच तुटलं तरी तिला फिकीर नव्हती. एका उमेदवाराचं आरोग्यावरचं उत्तर "आणि म्हणूनच मी ठामपणे" इथं संपलं होतं. तो कशाबद्दल ठाम होता ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

उमेदवाराच्या पूर्वायुष्याची माहितीही ती तशी सोडायची नाही. फोन लावून खात्री करायची. एकानं लिहिलं होतं, 'पाचव्या पिढीचा शेतकरी'. आर्डिसनं थेट त्याच्या आईला फोन केला. म्हातारी म्हणाली, "पाचव्या पिढीचा? माझे सासरे खाटीक होते. आणि याला गोठ्यात पाठवलं तर हा टोपी सांभाळत उभा राहायचा." पानावर छापून आलं, 'दुसऱ्या पिढीचा शेतकरी, आईच्या सांगण्यानुसार'. तो निवडून आला ते सोडा, पण पुढच्या खेपेला त्यानं नुसतं 'शेतकरी' लिहिलं.

हळूहळू मतदारसंघातली आणखी अकरा साप्ताहिकं आर्डिसचं पान जसंच्या तसं उचलू लागली. लोक ते फ्रिजच्या दारावर चिकटवायचे आणि मतदानाला जाताना घडी करून खिशात घालायचे. मी तिला एकदा विचारलं होतं, "आर्डिसबाई, तुम्ही स्वतः कुणाला मत देता?"

"वेंडेल," ती म्हणाली, "तुझ्या बायकोनं केलेली हॉटडिश तुला खरोखर आवडते का?"

मी पुन्हा पानं लावायला घेतली.

मग ते वर्ष आलं. आमचे जुने खासदार निवृत्त झाले आणि जागा मोकळी झाली. एका बाजूनं उभा राहिला गॅलन ब्रुगेमन. चार हजार डुकरांचा मालक, राज्याच्या विधिमंडळात दोनदा बसून आलेला, आणि गप्पिष्ट. दुसऱ्या बाजूनं उभी राहिली मारित होमक्विस्ट, आमच्या जिल्ह्याची सरकारी वकील. आर्डिसच्या भावाची मुलगी. आर्डिसनं लग्न केलं नव्हतं, आणि मारितची आई लवकर गेली होती. मारितच्या शाळेचा डबा, पोहण्याच्या स्पर्धा, पहिल्या मुलाखतीचा कोट, सगळं आत्यानं बघितलेलं.

मी म्हटलं, "या वर्षी पान दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

"का? माझी पेन्सिल बिघडली आहे का?" ती म्हणाली.

उत्तरं आली. सोयाबीनवरचा परदेशी कर, मांस कारखान्यात राबणाऱ्या परदेशी मजुरांचे कागद, खेड्यातली बंद पडणारी प्रसूतिगृहं, पीकविमा, आणि पेन्शनसाठी निवृत्तीचं वय वाढवावं की नाही. आर्डिस मारितची उत्तरं घेऊन तीन दिवस बसली. भाचीला एक शब्द जास्त मिळाला असं कुणी म्हणू नये म्हणून तिनं प्रत्येक उत्तर चार चारदा मोजलं. एका ठिकाणी मारितनं जोडशब्द वापरला होता, तो हिनं दोन धरला आणि शेवटचा शब्द उडवला. गॅलनची उत्तरं तिनं शेवटच्या दुपारी घेतली. टिंबं दिली, कात्री चालवली आणि मला दिली. मी पान लावलं. वाचलं नाही. ते माझं पाप.

मतदान मंगळवारी. आमचा अंक त्याआधीच्या बुधवारी निघाला, बाकीच्या अकरांचेही त्याच दिवशी. सकाळी सात वाजता मी कॉफी शॉपमध्ये शिरलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर आवाज चढलेले.

"गॅलन असं बोलूच कसं शकतो? माझे गुडघे गेलेत, आणि हा म्हणतो आणखी तीन वर्षं राब!"

मी पान ओढून घेतलं. पाचव्या प्रश्नाखाली गॅलनच्या उत्तराची शेवटची ओळ होती, 'निवृत्तीचं वय सत्तर करायला मी नक्की मत देईन'.

मी कचेरीत पळालो आणि मूळ कागद काढला. गॅलननं लिहिलं होतं, 'निवृत्तीचं वय सत्तर करायला मी नक्की मत देईन, माझी डुकरं स्वतः ट्रॅक्टर चालवून बाजारात जायला लागतील त्या दिवशी'. पंचाहत्तरावा शब्द होता 'देईन'.

मी आर्डिसला फोन केला. छापलेली ओळ आणि मूळ ओळ एकापाठोपाठ वाचून दाखवली.



"मी मोजलं," ती म्हणाली. "वाचलं नाही." आणि फोन ठेवला.

तासाभरात ती तिच्या पिकअपमधून गॅलनच्या शेतावर पोचली. मलाही दारातून उचललं. गॅलन रबरी बूट घालून डुकरांच्या गोठ्यात होता, आणि त्याची बायको बाहेर फोनवर कुणाला तरी ओरडून समजावत होती. आर्डिसला बघून तिनं पाठ फिरवली.

"गॅलन, मी तुझं वाक्य तोडलं. चूक माझी," आर्डिस उभ्या उभ्या म्हणाली.

गॅलननं फावडं भिंतीला टेकवलं. "अगं आर्डिस, चाळीस वर्षं मी विनोद करतोय. पहिल्यांदाच कुणीतरी छापला, तोही अर्धा." तो हसायला लागला, पण ते हसू फार टिकलं नाही. "माझी आई वृद्धाश्रमात आहे. तिथल्या एका म्हातारीनं तिला विचारलं, तुझा मुलगा आमचं पेन्शन बुडवणार का? आता पुढचा अंक कधी? मतदान झाल्यावर ना?"

"अंक तेव्हाच. पण मी काही तोवर थांबत नाही."

कचेरीत येऊन तिनं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि मला म्हणाली, "मशीन चालू कर. त्याचं पूर्ण उत्तर मोठ्या अक्षरात, आणि खाली माझं नाव. 'मी चुकले' असं. 'चूक झाली' असं लिहू नकोस, ती आपोआप झाली नाही."

पहिला गठ्ठा निघत होता तेवढ्यात मारितचा फोन आला. आर्डिसनं तो माझ्यासमोरच घेतला, आणि मारितचा आवाज इतका चढलेला की मला पलीकडचंही ऐकू येत होतं.

"आत्या, मी ऐकलं ते खरं आहे? तू त्याच्यासाठी पत्रकं छापतेस?"

"माझ्यासाठी छापतेय. तू ती जाहिरात थांबव."

कारण दुपारपर्यंत मारितच्या प्रचारकांनी ते तुटलेलं वाक्य पानासकट फोटो काढून सगळीकडं फिरवलं होतं, वर 'गॅलनच्या स्वतःच्या शब्दांत' असं लिहून.

"छापून आलंय तेच आम्ही दाखवतोय. तुझ्याच पानावरचं. गेल्या आठवड्यापर्यंत मी तीन टक्क्यांनी मागं होते, माहीत आहे ना तुला?"

"मारित, तू त्याला लहानपणापासून ओळखतेस. वाक्य वाचल्यावर तुला ठाऊक होतं ना, की पुढं काहीतरी होतं?"

मी मशीन बंद केली, त्यामुळं पुढचंही ऐकू आलं. मग मारित हळू म्हणाली, "तू नेहमी असंच करतेस. बाबांना ट्रकमधून उतरवायचीस तसं." आणि तिनं फोन ठेवला.

आर्डिस मशीनजवळ जाऊन कागद सारखे करत बसली. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर नव्हती. पण एकच गठ्ठा तिनं तीनदा सारखा केला.

पुढचे चार दिवस मी पिकअप चालवली आणि ती उतरत राहिली. बारा गावं. गुरुवारी सकाळी तिनं रेडिओवाल्यांना गाठलं. बाजारभावाच्या कार्यक्रमात डुकरांचा भाव सांगून झाल्यावर निवेदक म्हणाला, "आता आर्डिस होमक्विस्ट डुकरांबद्दलच काहीतरी सांगणार आहेत," आणि तिनं गॅलनचं संपूर्ण उत्तर संथ आवाजात वाचून दाखवलं. त्यापुढं म्हणाली, "याच प्रश्नावर मारित होमक्विस्ट म्हणतात की वय आहे तेच ठेवावं, आणि श्रीमंतांच्या पगारावर एका हद्दीपर्यंतच लागणारा पेन्शनचा कर पूर्ण पगारावर लावावा. त्यांचं उत्तर पूर्ण छापलेलं आहे. दोन्ही वाचा." शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्यात ती तिकीट खिडकीशी उभी राहिली. शनिवारी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं. तिथं मटारांचं भांडं घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या मागोमाग आर्डिस पत्रकं वाटत फिरली. तिथं मारितच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, "आर्डिस, स्वतःच्या पोरीला पाडायला एवढी मेहनत?"

"मला पत्रकं संपवायची आहेत, हॅल्वर. तू एक घे आणि शेजाऱ्याला एक दे," ती म्हणाली. पण नंतर ती गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ तिला पट्टाच लावता आला नाही. मी लावून दिला.

मंगळवारी मारित हरली. अवघ्या एकोणीसशे मतांनी, तीन लाखांतून. पत्रकांमुळं हरली की तशीही हरली असती, कुणाला सांगता येणार? कॉफी शॉपमध्ये मात्र प्रत्येकाला सांगता येत होतं.

त्याच महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मारित आली नाही. नाताळला तिनं भेटकार्ड पाठवलं, त्यावर फक्त सही. आर्डिसनं ते बाकीच्या कार्डांबरोबर खिडकीत लावलं. मी जानेवारीत तिच्याकडं गेलो तेव्हा बाकीची कार्डं काढलेली होती आणि ते तेवढं होतं.

मारित आली ती एप्रिलमध्ये, एका रविवारी दुपारी. मी तिथं होतो, कारण शाळा समितीच्या निवडणुकीचं पान करायचं होतं. ती दारातच उभी राहिली. बारीक झाली होती. कोट न काढता म्हणाली, "मला ठाऊक होतं, आत्या. वाचल्या वाचल्या मला कळलं होतं की हे गॅलनचं वाक्य पुरं नाही. मी हसलेसुद्धा. मग म्हटलं, फिरवा."

आर्डिस म्हणाली, "बस. कॉफी आहे."

"तू काही बोलणार नाहीस?"

"मी पण वाचलं नव्हतं. तुझ्या उत्तरांपायी इतकी घाबरले होते की त्याची उत्तरं माणसाची आहेत हेच विसरले." तिनं कप समोर ठेवला. "बस म्हटलं ना."

मारित बसली. लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा उघडला गेला. मग दोघींनी जे भांडण काढलं ते मी जन्मात विसरणार नाही. लांब उत्तराचं करायचं काय? मारितचं म्हणणं, वकिलासारखं, मर्यादा सरळ काढून टाक. आर्डिस म्हणे, मग पुन्हा पाऊण पान येईल. मारित म्हणे, तुझी कात्री म्हणजे न्याय नव्हे. आर्डिस म्हणे, तुमच्या कोर्टात तरी कुठं सगळं ऐकून घेतात? संध्याकाळ होईपर्यंत डबा संपला आणि नियम ठरला. उत्तर लांब झालं तर उमेदवाराला परत पाठवायचं, त्यानंच ते तोडायचं, आणि छापण्याआधी दोन वेगळ्या माणसांनी वाचायचं. दुसरा माणूस मी. तो नियम अजून चालू आहे.

गॅलन वॉशिंग्टनला गेला. निवृत्तीचं वय वाढवण्याच्या ठरावाविरुद्ध त्यानं खरोखर मत दिलं. मारित आमच्याच जिल्ह्यात सरकारी वकील राहिली आणि पुन्हा उभी राहिली नाही. लोक विचारतात तेव्हा ती म्हणते, बघू.

गेल्या वर्षी आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी बघायला गेलो होतो. मारित औषधं आणायला खाली गेली होती. मी विचारलं, "त्या पत्रकांचा कधी पश्चात्ताप होतो का?"

"पत्रकांचा नाही," ती म्हणाली. "पण ती हरली याचं फार वाईट वाटतं रे. तिनं चांगलं काम केलं असतं."

जिन्यावर मारितची पावलं वाजली. आर्डिसनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "उशी जरा वर घे, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढ."