तारामामींचं पान

आमच्या देवाला रोज मोगऱ्याची माळ येते. माळ सुकली की फुलं कुंडीत जातात, पण केळीच्या सोपटाचा तो दोरा टाकवत नाही. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून मी तो देवघराच्या खिळ्याला अडकवते. आता खिळा दिसत नाही, नुसता दोऱ्यांचा झुबका दिसतो. तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे किस्से असेच जमलेत. एक ओढला की चार बरोबर येतात.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी सहज म्हटलं, "माझ्या फोनमध्ये फोटो छान येतात." तेवढ्यावर स्मरणिकेचे फोटो माझ्याकडे आले. कोणी हसून दिले, कोणी उपकार केल्यासारखे दिले, पण शंभरातले नव्वद छापण्याच्या लायकीचे नव्हते. दर चातुर्मासात मी एक नेम धरते. यंदा आषाढात धरला तो असा, की फोटोवरून कोणावर चिडायचं नाही. मागच्या वर्षी कांदा-लसूण सोडला होता. ते फार सोपं होतं.

*

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सेल्वमचा छापखाना आहे. पहिल्या दिवशी मी त्याला पेन ड्राइव्ह दिला. एकेक फोटो उघडून तो मान हलवत राहिला.

"फोनवर तर स्पष्ट दिसतात," मी म्हटलं.

तो उठला, खडू घेतला आणि फरशीवर नऊ ठिपके काढले, आपण रांगोळीला काढतो तसे. "अम्मा, उंबऱ्यापुढे एवढ्या ठिपक्यांचं कोलम भरलेलं दिसतं. हेच नऊ ठिपके अख्ख्या रस्त्यावर पसरले तर लोक विचारतील, कोलम कुठाय? फोन म्हणजे उंबरा. कागद म्हणजे रस्ता."

वीस वर्षं रोज दारात रांगोळी काढते आहे. मला एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. पण मंडळातल्या बाकीच्यांना कोण सांगणार?

*

त्याच आठवड्यात राव मामा घरी आले. ते तंजावरकडचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी त्यांचे लोक इकडे आले ते त्यांनाही मोजता येत नाही. बोलणं पोथीतल्यासारखं, मध्ये मध्ये तमिळ, आणि समोर कोणीही बाई असली तरी ती 'अक्का'.

त्यांच्या पत्नी तारामामी गेल्या मार्गशीर्षात गेल्या. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, त्या स्वयंपाकघरात. शेवटची पंगत उठल्याशिवाय बाहेर यायच्या नाहीत, म्हणून मंडळाच्या एकाही फोटोत नाहीत. घरातला लग्नाचा फोटो एका पावसाळ्यात पाणी शिरलं त्यात गेला. आधार कार्डावरच्या फोटोला त्या स्वतःच "ही कोण?" म्हणायच्या.

"अक्का, एक मागणें आहे," मामा म्हणाले. "तिजा फोटो पूर्ण पानाचा घाला. बारीक घातला तर मज दिसणार नाही. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, पुढल्या वर्षी मोठाही दिसणार नाही."

मी हो म्हटलं. देवासमोर बसले होते, शब्द दिला गेला.

*

देशपांडे साहेब आमचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. मनोगताबरोबरचा त्यांचा फोटो सुपारीएवढा आला होता. मी नम्रपणे कळवलं, "व्हॉट्सॲपवर फोटो लहान होतो, मोठा पाठवा."

थोड्या वेळाने फोन टिंग टिंग वाजायला लागला. तोच फोटो. पुन्हा तोच. मोजले तर अकरा.

"वहिनी, अकरा वेळा पाठवला. आता तरी मोठा झाला का?"

अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं मी रोज करते. त्यांना काय बोलणार?

*

सहस्रबुद्धे वहिनींना त्यांच्या सासऱ्यांचा फोटो द्यायचा होता. फोटो भिंतीवर, काचेत, वर चंदनाचा हार. त्यांनी खालून फोन धरला आणि काढला. मोठा केल्यावर दिसलं, की काचेत वहिनींचं प्रतिबिंब पडलंय, बरोबर सासऱ्यांच्या पोटावर. हातात फोन, एक डोळा मिटलेला.

"भिंतीवरून उतरवून, काच काढून काढा ना," मी फोनवर म्हटलं.

मागून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला. "उतरवायचं नाही. आणि सून आहे ती असू दे. जन्मभर ह्यांच्या पोटात एक गोष्ट राहिली नाही, ती तरी राहू दे."

*

शेवटी केतकीला बोलावलं. केतकी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी बोलते, पण अडलं की इंग्रजीत पळते. "काकू, चिल. एआय आहे ना, सगळं शार्प करून देते."

तिने हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो ॲपमध्ये टाकला. अकरा जणी, सगळ्या जरीच्या साड्यांत. एका मिनिटात चेहरे लख्ख. साड्यांचे काठ मोजून घ्यावेत असे. मी खूश होऊन लगेच ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत जोशी काकूंचा फोन. "आमचे हे आत पत्ते खेळताहेत, गं. त्यांना काय झालं?"

ॲपला कुंकू म्हणजे चेहऱ्यावरचा डाग वाटला होता. त्याने अकराची अकरा कपाळं स्वच्छ केली होती.

बिचारी केतकी शनिवारची दुपार बसून एकेका कपाळावर माउसने कुंकू लावत होती. मोठं, लहान, चंद्रकोर, जिचं तिचं आठवून. मी शेजारी बसून सांगत होते. चहा घेऊन आलेले आमचे हे म्हणाले, "पोरीने पहिल्यांदा हळदीकुंकू केलं, तेही स्वतः न लावता." ती इतकी थकली होती, की तिने नुसती मान डोलावली.

*

त्याच दिवशी मी तिला तारामामींचा फोटो दिला. शोधून शोधून एकच सापडला होता. कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा, व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला. ज्या फोनने काढला तो फोन केव्हाच गेला. पुढे केक, फुगे, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात तारामामी, हातात डाव. चेहरा मसुरीच्या डाळीएवढा.

ॲपने त्या डाळीतून एक बाई काढली. कोरलेल्या भुवया, सरळ नाक, दातांची रांग. सुंदर होती. मी आशेने प्रिंट काढली आणि मामांना दाखवायला घेऊन गेले.

त्यांनी प्रिंट भिंगाखाली धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग परत केली.

"चांगली आहे. कोण ही?"

*

सेल्वमकडे माझ्या सहा फेऱ्या झाल्या. आमच्या मंडळातला विनोद इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "काकू, इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे तीनशे डीपीआय हवं ना? मी सेटिंगमध्ये आकडा तीनशे करून देतो." दिलाही. सेल्वमने फाइल उघडली, तारामामींचा चेहरा तसाच. "अम्मा, रिकाम्या डब्यावर 'साखर' असं लिहिलं म्हणून चहा होतो का?"

मग तो हळूच म्हणाला, "नखाएवढा छापा, छान येईल."

"ज्यांच्यासाठी छापायचा, त्यांना तेवढा दिसत नाही."

"पूर्ण पान केलं तर नुसते चौकोन येतील. लोक म्हणतील, सेल्वमला छापता येत नाही."

त्या दिवशी माझी संकष्टी होती, पोटात शेंगदाण्याचा एक लाडू. पंख्याखाली स्टुलावर बसून मी दोन्ही फोटो पुढे ठेवले. एकीकडे ती सुंदर बाई. दुसरीकडे करडे, तपकिरी चौकोन, फरशी बसवल्यासारखे. नेमामुळे चिडायची सोय नव्हती, आणि चिडायचं तरी कोणावर? चौकोन असले तरी ते तारामामींवरून आलेले होते. त्या बाईला तर कोणी जन्मच दिला नव्हता.

"हेच छाप," मी म्हटलं. "पूर्ण पान. बोलणी मी खाईन."

सेल्वमने वरच्या देवाच्या तसबिरीकडे बघितलं आणि मशीनवाल्याला हाक मारली.

*

दिवाळी पाडव्याच्या स्नेहसंमेलनात स्मरणिका वाटली. फराळाच्या बशा बाजूला ठेवून लोक पानं उलटू लागले, आणि मी चिवड्यात डोकं घालून बसले. एकेकजण तारामामींच्या चाळीसाव्या पानाशी आला की अंक फिरवून फिरवून बघायचा.

"हे काय, टॉवेलचं डिझाइन?"

"प्रिंटिंग मिस्टेक असेल."

देशपांडे साहेब अंक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "वहिनी, माझा अकरा वेळा पाठवलेला फोटो तुम्ही सुपारीएवढा छापलात, आणि पूर्ण पान असं घालवलंत? मामांना काय सांगायचं?"

मला मामांकडे बघवत नव्हतं.

मामा पहिल्या रांगेत बसले होते. केतकीने त्यांच्या मांडीवर अंक उघडून ठेवला. त्यांनी खिशात भिंग चाचपलं, सापडलं नाही. चष्मा काढून पंच्याला पुसायला घेतला. पुसता पुसता नुसत्या डोळ्यांनी पानाकडे पाहिलं आणि हात थांबला.

त्यांनी अंक उचलून हातभर लांब धरला. चष्मा मांडीवरून घरंगळून खाली पडला. केतकी उचलायला वाकली, तर म्हणाले, "राहूं दे, अक्का. आत्ता नको."

देशपांडे साहेब त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. आधी नुसतेच, मग त्यांनीही आपला चष्मा काढला. "वहिनी, चष्मा काढला की चौकोन एकमेकांत मिसळतात आणि तारामामी दिसतात," ते म्हणाले.

मामा पानाशीच बोलत होते.

"येथे उभी आहेस, आणि मान अजून चुलीकडे. पोदुम गे, पुरे आता. सगळ्यांचें जेवण झालें. बैस."