हिरवी कंपनी, तांबडी कंपनी

लग्न होऊन शिक्रापूरला येईपर्यंत ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे करुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं, सम्राटचं, लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं दुकान. कॉम्प्युटरच्या पोटातलं कार्ड दाखवत तो म्हणाला होता, "सगळा जोर ह्याचा हाय. हे न्हाई, तर नवरी पडद्यावर अडखळत चालती." अशी कार्डं काढणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या एकमेकींच्या हाडवैरी. एकीचा खोका हिरवा, दुसरीचा तांबडा.

करुणा कारखान्यात क्वालिटीला होती. दिवाळीच्या बोनसमधून तिनं मोबाईलवरून हिरवीचे शेअर घेतले. सम्राटनं ऐकलं आणि ईर्षेला पेटला. "हिरवी लई चढलीय. आता तांबडीच पुढं जाती का न्हाई बघ," म्हणाला, आणि सीझनची कमाई तांबडीत घातली.

तेव्हापासून संध्याकाळी अमेरिकेचा बाजार उघडला, की दोघं दोन भिंतींना टेकून मोबाईलमध्ये डोकं घालायची. कालवण करपलं तरी वास यायचा नाही. कोरेगावहून राहायला आलेल्या सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "भांडान झालंय व्हय गं तुमचं?"

"न्हाई आत्या," करुणा म्हणाली.

एका संध्याकाळी तांबडी घसरली. सम्राट गुमान जेवायला बसला. भाकरी वाढताना करुणाच्या ओठांवर हसू आलं आणि तिचं तिलाच चरकल्यासारखं झालं. नवऱ्याचं नुकसान होतंय आणि आपल्याला बरं वाटतंय? दुसऱ्या दिवशी कारखान्यात तेच डोक्यात घोळत राहिलं. खराब पार्ट चांगल्या ट्रेमध्ये गेला, सुपरवायझरचं ऐकून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर चप्पल न काढताच ती म्हणाली, "काल तुमचं पडलं, आन् मला हसू आलं."

सम्राट मोबाईलची कड खरवडत म्हणाला, "मागं हिरवी पडली, तवा मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला हुता."

दोघंही एकमेकांकडे बघेनात. त्याच आठवड्यात दोन्ही कंपन्या एकाच दिवशी आपटल्या.

"वैरी हायत ना ह्या?" करुणा म्हणाली. "मग दोघी एकदम कशा पडल्या?"

"सगळा बाजारच बसला. त्यात वैरी काय आन् सोयरं काय."

मग दोघांनी आपापले निम्मे शेअर विकले आणि दुसऱ्याच्या कंपनीचे घेतले. आता एकाचं पडलं म्हणून दुसऱ्यानं हसायची सोय राहिली नाही. जेवताना पुन्हा बोलणं सुरू झालं.

करुणानं आणखी एक ठरवलं. संध्याकाळी मोबाईल घरी ठेवायचा आणि आत्यांबरोबर पाय मोकळे करायला जायचं. हायवेच्या कडेनं दोघी चालल्या होत्या, शेजारून ट्रक धडधडत होते. पार्वतीबाई बहिणीच्या नातीचं सांगत होत्या. करुणाचा हात मोबाईल चाचपायला पर्सकडे गेला. मोबाईल घरी होता, पण तिचं ध्यान बाजारातच होतं.

"काय म्हणालात, आत्या?" तिनं विचारलं. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा विचारलं.