पाकिटं कोरडी होती

माझ्या स्टुडिओतल्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह पुरात गेल्या नाहीत. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्या विकल्या होत्या. एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर विशेष काही वाटलं नाही. मी लिहून दिलेली पानं ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

पवनीत बाजाराच्या रस्त्यावर माझं फोटोचं दुकान होतं. अड्याळपासून लाखांदूरपर्यंतची माणसं यायची. कुणी लग्न जुळवायच्या फोटोसाठी, कुणी जावळ काढायच्या आधी मुलाचे केस एकदा फोटोत राहावेत म्हणून. फोटो दिला की निगेटिव्ह खाकी पाकिटात टाकायची आणि पाकिटावर एक ओळ लिहायची. नावं लिहून उपयोग नसे, एका गावात एकाच नावाचे चार जण असत. म्हणून मी फोटोत काय आहे तेच लिहायचो. ‘म्हातारा, खुर्ची, एक डोळा मिटलेला.’ ‘दोघे भाऊ, धाकट्याच्या पायात चप्पल नाही.’ दहा वर्षांनी कुणी दुसरी प्रत मागायला आलं, तरी त्या ओळीवरून पाकीट सापडायचं.

मोबाइल आल्यावर दुसरी प्रत मागणारे संपले. त्याच सुमारास नागपूरकडचा एक माणूस स्टुडिओ-स्टुडिओ फिरून जुन्या फिल्म घेत असे. जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, तो काढतात. “रंगीन नहीं चाहिए भाईसाब, उसमें कुछ नहीं रहता,” तो म्हणाला. पाकिटंही त्याला नको होती, कागदाचं वजन तो धरणार नव्हता. म्हणून आम्ही दोघं दुकानाच्या ओट्यावर बसून दिवसभर पाकिटं उलटी करत होतो. माझा हात त्याच्यापेक्षा भरभर चालत होता. संध्याकाळपर्यंत पोती भरली. तेवढ्या वेळात मी एकही निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिली नाही. आलेल्या पैशांत पासपोर्ट फोटोचा प्रिंटर आला. रिकामी पाकिटं घरी माळ्यावर टाकली. मागची बाजू कोरी होती, किराण्याची यादी लिहायला चालली असती.

पुढच्या पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी गावात शिरलं. दुकानात काउंटरपर्यंत आलं. प्रिंटर गेला. चिखल उपसत असताना कुणीतरी दारातून विचारलं, “भाऊ, जुने फोटो?” मी म्हणालो, “गेले.” बाकीचं त्यानंच समजून घेतलं आणि चार जणांना सांगितलं. मला वेगळं खोटं बोलावंच लागलं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी लाखांदूरहून एक बाई एसटीनं आली. पन्नाशी ओलांडलेली, घरची धानाची शेती. तिच्या पिशवीत फोटोची एक चौकट होती. काच धड होती, आत नुसती वाळवीची माती.

“उधईनं खाल्ला, भाऊ. मायचा एवढाच फोटो होता. मी तीन वर्साची होती, जावळाच्या आधी तुमच्याच इथं काढला. वर्सभरात माय गेली. मले तिचं तोंड आठवत नाही.”

निगेटिव्ह पुरात गेली, असं मी सांगितलं. ती उठली नाही. बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, “तुमी तं पायलं होतं नं तिले. मंग सांगा, कशी होती.”

तिला रिकाम्या हातानं पाठवणं जमेना, म्हणून घरी माळ्यावर जाऊन पाकीट शोधलं. मिळालं. ‘लाखांदूर. लहान मुलगी, जावळाआधी. आई सोबत, हात डोक्यावर. मूल हललं. एक प्रत.’ एवढं वाचून तो दिवस थोडासा आठवला. पोर एकटी बसेना म्हणून तिच्या आईला शेजारी घेतलं होतं. आईचा चेहरा मात्र आठवला नाही. किती चेहरे होते.

मी वहीचं पान काढलं आणि लिहायला बसलो. समोर ती बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिलाच तीस वर्षांनी लहान करून लिहिलं. रुंद कपाळ, जरा बसकं नाक, हनुवटीवर खळगी. ती समोर पाहते आहे, किंचित हसते आहे. साडी हिरवी, काठ लाल. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवं-लाल कुठून आलं, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही. पान वाचून दाखवलं, तेव्हा तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

“मले वाटतच होतं, मी मायवर गेली.”

पानाबरोबर पाकीटही तिला दिलं. आठवण म्हणून.

तिनं गावात सांगितलं असावं. लोक येऊ लागले. मी पाकीट शोधायचो, पान लिहायचो. काही पानं बरीचशी खरी आहेत. काहींत पाकिटावरची ओळ खरी आणि बाकी समोर बसलेल्या माणसाकडे पाहून लिहिलेलं आहे. मुलाकडे पाहून बाप लिहिला, नातीकडे पाहून आजी. पैसे घेत नव्हतो. लोक म्हणायचे, “पुरानं नेलेले फोटो भाऊनं वापस दिले.” एका कार्यक्रमात मला शाल दिली. ती मी घेतली.

असं सहा-सात वर्षं चाललं. मग एक दिवस लाखांदूरच्या त्या बाईची सून दुकानात आली. तिला फॉर्मसाठी फोटो हवे होते. ती माहेरची विणकर घरातली, कोशाच्या रेशमाची साडी विणणाऱ्यांची. फोटो कापून होईपर्यंत ती काउंटरपाशी उभी होती.

“बाबाजी, एक विचारू का? राग नका मानू.”

“विचार.”

“ते पाकीट आईनं डब्यात ठेवलं आहे. मी पाहिलं. शाई कुठंच पसरली नाही. आमच्या घरी सुताले पाण्याचा एक थेंब लागला तरी डाग दिसते. पुरातलं पाकीट इतकं कोरडं कसं?”

“वरच्या फळीवर असेल.”

“मंग निगेटिव्हही वरच्याच फळीवर असन नं.”

मी फोटो कापत राहिलो. एक वाकडा कापला गेला, तो दुसरा काढून दिला. तिनं फोटो पिशवीत घातले.

“मी आईले काही नाही सांगत,” जाताना ती म्हणाली. “तुमचं तुमीच सांगा.”

मी लगेच गेलो नाही. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, दिवाळी झाली. मग एका सकाळी एसटीत बसलो.

बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. आतल्या भिंतीवर तीच चौकट होती, त्याच काचेखाली माझं पान. वर कुंकवाचा टिळा, सुकलेला हार. अक्षय तृतीयेला त्याच्यासमोर पितरांच्या जेवणाचं पान वाढतात, असं सुनेनं पाणी देताना सांगितलं. मुद्दाम सांगितलं की सहज, कळलं नाही.

“बाई, तुमची निगेटिव्ह पुरात नाही गेली. मी विकली होती.”

तिचा हात सुपात थांबला नाही. “कोनाले?”

“फिल्ममधली चांदी काढणारा होता, त्याला.”

“फोटोत चांदी रायते?”

“थोडी.”

“मायच्या फोटोतबी?”

“हो.”

“आमच्या घरात तेवढीच होती मंग,” ती म्हणाली आणि एक खडा उचलून अंगणात टाकला.

मी पुढचंही सांगितलं. चेहरा आठवत नव्हता, तुमच्याकडे पाहून लिहिला. तिनं सूप खाली ठेवलं.

“म्हंजे काचेत मीच हाय का?”

“हो.”

“म्हणून तं आई रोज स्वतःलेच हात जोडते,” सून दारातून म्हणाली.

“तू चूप बस. ते काढ खाली.”

सुनेनं चौकट काढली, पाठीमागचे खिळे सरळ करून पान बाहेर घेतलं आणि एकेक ओळ वाचू लागली. प्रत्येक ओळीनंतर बाई माझ्याकडे पाहायची. कपाळ. माहीत नाही. नाक. माहीत नाही. हनुवटी. नाही. साडी हिरवी. नाही. हसते आहे. माहीत नाही. मी तेच तेच बोलत होतो. आवाजही तोच होता, बसची वेळ सांगावी तसा.

“आईचा हात मुलीच्या डोक्यावर आहे,” सुनेनं वाचलं.

“हे खरं आहे,” मी म्हणालो. “पाकिटावर आहे. पण तो मीच ठेवायला सांगितला होता. तुम्ही हलत होता म्हणून.”

बाईनं विचार केला.

“तुमी सांगतलं म्हनून का होईना, ठेवला नं?”

“ठेवला.”

“मंग ते राहू द्या.”

तिनं सुनेला नवा कागद आणायला लावला. मी सांगत गेलो, सून लिहीत गेली. चार ओळींत संपलं. मी उठायला लागलो तेव्हा बाई म्हणाली, “विकली तेबी लिव.”

“आई, टिळा लावतो आपण त्याले. ते कायले तिथं?”

“लिव म्हनलं नं.” मग माझ्याकडे वळून, “बाकीच्यायलेबी असंच लिहून देलं तुमी?”

“हो.”

“मंग तिथंबी जा.”

जमेल तितक्या घरी गेलो. एका ठिकाणी दार लावून घेतलं. एका ठिकाणी म्हणाले, आम्हाला आहे तेच बरं आहे, आता काही सांगू नका. गुडघ्यांमुळे आता एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरच्या पानात चेहरा असेल, तर तो बहुधा त्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्याचा आहे. रंग असतील तर ते माझे आहेत. पाकिटं अजून माळ्यावर आहेत. कुणालाही येऊन आपली ओळ पाहता येईल.

लाखांदूरच्या त्या भिंतीवर आता हे आहे:

‘लहान मुलगी, जावळाच्या आधी. मुलगी हलली आहे. शेजारी तिची आई. आईचा हात मुलीच्या डोक्यावर आहे, फोटोवाल्यानं ठेवायला सांगितला होता. आईचा चेहरा फोटोवाल्याला आठवत नाही. निगेटिव्ह पुरात गेली नाही, त्यानं विकली.’

अर्ध्याहून जास्त कागद कोरा राहिला होता. सून म्हणाली, कापून बरोबर करू का. बाई म्हणाली, काच तेवढीच हाय, कापू नको.